मदत हवी आहे: कापड स्कॅन करून त्यातनं आवाज काढतेय, पण फ्रेम बदलली की गुरगुर येते

नमस्कार मंडळी,

पुण्यात फिल्मचं शिकतेय, शेवटचं वर्ष. डिप्लोमासाठी पाच मिनिटांची प्रायोगिक फिल्म करायचीय, ॲनिमेशन आणि साऊंड दोन्ही माझ्याकडेच. इथे साऊंडवाले, कोडिंगवाले सगळेच आहेत म्हणून सविस्तर लिहितेय, जरा लांबलंय पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

मी इचलकरंजीची. आमच्याकडे साध्या मागांचा आवाज म्हणजे दिवसरात्रीचा भाग, धोटा (आडवा धागा नेणारं शटल) या पेटीतनं त्या पेटीत जाऊन आपटतो तो खटका. लाईट गेली आणि माग थांबले की उलट झोपमोड व्हायची. आता साधे माग भंगारात चाललेत आणि शटललेस, एअरजेट येतायत, त्यांचाही आवाज मोठाच आहे पण त्यात धोटाच नाही त्यामुळे तो खटका नाही. मला या सगळ्यावर माहितीपट नाही करायचा. मला कापडच वाजवायचंय, म्हणजे खरोखर वाजवायचंय, पडद्यावर जे कापड दिसतंय त्याचाच आवाज ऐकू आला पाहिजे.

ही आयडिया ऑप्टिकल साऊंडमधनं आली. जुन्या फिल्मवर चित्राच्या बाजूला आवाजाची बारीक पट्टी असायची, प्रोजेक्टरमधला उजेड तिच्यातनं पलीकडच्या फोटोसेलवर पडायचा, उजेड कमीजास्त झाला की करंट कमीजास्त आणि तोच स्पीकरमधनं आवाज. म्हणजे त्या पट्टीवर रेघा मारल्या तर रेघा वाजतात! कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात नॉर्मन मॅकलरेनने एकेका सुरासाठी पट्ट्यापट्ट्यांची कार्डं बनवली आणि ती कॅमेऱ्याने साऊंडट्रॅकच्या जागेवर शूट केली, १९५२ च्या 'नेबर्स'चा आवाज असाच बनलाय. आणि कापड म्हणजे तरी काय, रेघाच की. उभा ताणा, आडवा बाणा.

सध्या करतेय ते असं. ग्रे कापडाचा, म्हणजे मागावरनं उतरलेल्या, न धुतलेल्या-न रंगवलेल्या कापडाचा तुकडा फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआयला (इंचाला १२०० पिक्सेल) स्कॅन करते. मग पायथनची छोटी स्क्रिप्ट आहे, ती प्रत्येक आडव्या ओळीतल्या सगळ्या पिक्सेलच्या ब्राईटनेसची सरासरी काढते आणि ती एक ओळ म्हणजे आवाजाचं एक सॅम्पल, आवाजाच्या लाटेवरचा एक बिंदू. सेकंदाला २४ फ्रेम, एका फ्रेमला २००० ओळी घेतल्या की ४८,००० सॅम्पल होतात, व्हिडिओच्या ऑडिओला लागतात बरोब्बर तेवढेच. हे गणित जुळलं तेव्हा खूप भारी वाटलं होतं.

आता अडचणी. पहिली आणि सगळ्यात मोठी, प्रत्येक फ्रेम कापडाच्या वेगळ्या जागेवरनं घेतलीय त्यामुळे फ्रेम बदलताना खट्ट होतं आणि ते सेकंदाला २४ वेळा होत असल्याने खाली सतत गुरगुर ऐकू येते. हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावून बघितला, थोडी कमी होते पण जात नाही. दुसरी, सूर फारच वर लागतोय, शिट्टीच. इंचाला ६० पिकचं कापड आहे (पिक म्हणजे बाण्याचा एक धागा, धोट्याच्या एका फेकीत एक), म्हणजे एका फ्रेममध्ये १०० धागे येतात आणि २४ ने गुणलं की २४०० हर्ट्झ. मला हा सूर छातीत जाणवेल इतका खाली हवाय. आणि तिसरी म्हणजे आवाज अगदी क्षीण येतो, वाढवला की नुसती खरखर.

शिवाय खऱ्या मागाचा आवाजही घ्यायचाय. मी माग मिनिटाला १४४ पिकचा धरलाय कारण मग बरोबर दर १० फ्रेमला एक खटका पडतो आणि ॲनिमेशन त्यावर बसवता येतं. पण शेडमध्ये रेकॉर्डिंग सगळं फाटलेलं येतंय.

शेवटचं तांत्रिक नाही. आमचे गाईड म्हणतात सुरुवातीलाच निवेदन टाक, इचलकरंजी काय, माग काय ते सांग, नाहीतर लोकांना कळणार नाही. मला पहिली दोन मिनिटं एक शब्दही नकोय. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद: तारसप्तक

फार सुंदर कल्पना आहे, नक्की पूर्ण कर. एकेक घेतो.

गुरगुर फिल्टरने जाणार नाही, कारण ते खट्ट म्हणजे नुसते २४ हर्ट्झ नाहीत, त्यात वरच्या फ्रिक्वेन्सी पण सगळ्या असतात. सांधाच नीट करायला लागेल. प्रत्येक फ्रेमची सुरुवात धाग्याच्या एकाच जागेवरनं कर, म्हणजे जिथे ब्राईटनेस सगळ्यात जास्त आहे त्या ओळीपासून, हे स्क्रिप्टला शोधायला सांगता येतं. आणि २००० ऐवजी २१०० ओळी घे, जास्तीच्या १०० ओळी पुढच्या फ्रेममध्ये क्रॉसफेड कर, म्हणजे हा आवाज विरत जाताना पुढचा वर येत जाईल. शंभर ओळी म्हणजे जेमतेम २ मिलिसेकंद, कानाला कळत पण नाही आणि खट्ट जातं. एक लक्षात ठेव, ॲनिमेशन टूजवर (एक चित्र दोन फ्रेम) करत असशील तर चित्र दोन फ्रेम तेच राहू दे पण आवाजासाठी दुसऱ्या फ्रेमला कापडाचा त्याला लागून असलेला पुढचा भाग घे, नाहीतर कापडावरचा तोच डाग परत परत वाजेल आणि परत गुरगुर.

सुराचं गणित सोपं आहे. इंचाला जितके धागे त्याला ४८,००० ने गुण आणि डीपीआयने भाग. ४८०० डीपीआयला स्कॅन केलंस तर ६० पिकचं तेच कापड ६०० हर्ट्झला येईल, दोन सप्तकं खाली. अजून खाली हवं असेल तर कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावून अजून जवळनं घे. फाईल अवाढव्य होईल म्हणून पूर्ण ए-फोर स्कॅन करू नकोस, पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी बास झाली.

आवाज क्षीण येण्याचं कारण पण बहुतेक स्कॅनची रुंदीच, कापड स्कॅनरवर जरा तिरकं पडलं की रुंद भागाची सरासरी काढताना धागे एकमेकांत मिसळून जातात. अरुंद पट्टी घेतलीस की हे आपोआप कमी होईल. आणि ग्रे कापडाच्या मागे स्कॅनरचं पांढरं झाकण असतं, तिथे काळा कागद ठेव, धागा आणि फट यांच्यातला फरक लगेच वाढेल.

शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वरच असतो. रेकॉर्डरचं ऑटो गेन (आपोआप आवाज कमीजास्त करणं) बंद कर, हाताने खाली आण, सगळ्यात मोठे ठोके मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू देत. साध्या पिएझो डिस्कचा (कंपनं पकडणारी छोटी चकती) काँटॅक्ट माईक करून मागाच्या लोखंडी सांगाड्यावर चिकटवून बघ, हवेतला गोंगाट बाजूला राहतो आणि ठोका स्वच्छ येतो. आणि कानात इअरप्लग घाल, हे अजिबात टाळू नकोस.

प्रतिसाद: जॉबरकाका

पोरी, मी मागावरच आयुष्य काढलंय, फिल्ममधलं मला कळत नाही, कापडाचं सांगतो. ६० पिक हा हिशोब मागावरचा. कापड उतरलं की जरा आवळतं त्यामुळे तुझ्या हातातल्या तुकड्यात थोडे जास्त भरतील. पिक ग्लास (धागे मोजायचं भिंग) लावून मोज, अंदाजाने धरू नको.

दुसरं म्हणजे तू नुसता बाणाच वाजवतेस का? कापड आडवं फिरवून ठेव, ताणा वाजेल. पॉपलीनमध्ये ताण्याचे धागे बाण्यापेक्षा बरेच जास्त असतात, म्हणजे तुझ्या हिशोबाने सूर वर जायला पाहिजे. आणि जिथे बाणा तुटून फट पडलीय असा डागी माल मुद्दाम घे, तो व्यापारी नाकारतो पण तुला त्यातनं काहीतरी ऐकू येईल.

प्रतिसाद: तारसप्तक

काका, हे जबरदस्त आहे! म्हणजे बघा, इंचाला ९० ताणे आणि ६० पिक असं कापड असेल तर प्रमाण ३:२, म्हणजे कापड आडवं फिरवलं की सा वरनं थेट पंचम. ८० ला ६० असेल तर ४:३, शुद्ध मध्यम. डीपीआय तोच ठेवायचा फक्त. कुठल्या कापडात कुठला सूर आहे याची यादी करता येईल आणि त्यावरनं चाल बांधता येईल.

प्रतिसाद: संध्याछाया

निवेदनाबद्दल लिहिते. माझं मत, नकोच. शब्द आले की लोक कापडाचं ऐकणं सोडून माहिती ऐकायला लागतात. गाईडना उदाहरण हवं असेल तर फिल्म्स डिव्हिजनसारख्या सरकारी संस्थेतच प्रमोद पतींनी १९६८ ला 'एक्सप्लोरर' केली, सगळी कटिंग आणि आवाजावर उभी आहे. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाईन संस्थेत १९६९ ला अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक आवाज बनवायचं यंत्र) बसवून दिला आणि तिथे आपल्या लोकांनी टेपवर प्रयोग केले, ते रेकॉर्डिंग आता प्रसिद्ध झालंय, ऐक. आणि आपल्याकडे हे काही आजचं नाही, फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं शूट करून दाखवलं होतं आणि ते बघूनच भांडवल द्यायला माणूस तयार झाला.

फक्त एक सुचवते, खऱ्या मागाचा आवाज शेवटी आण. आधी कापड ऐकू दे, मग ते कुठून आलं ते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचे विशेष! काळा कागद ठेवून लगेच बघितलं, आवाज एकदम उघडला. क्रॉसफेडने गुरगुर जवळजवळ गेलीय, धाग्याची सुरुवात शोधायचं स्क्रिप्टमध्ये अजून घालायचंय. संध्याताई, मागाचा आवाज शेवटच्या एका मिनिटात आणायचं ठरवलंय आणि निवेदन नाही, गाईडना तसं सांगणार आहे आणि सोबत पहिल्या दोन मिनिटांचा कट ऐकवणार आहे.

आता कापड गोळा करतेय. मांजरपाट आणि केंब्रिक (तलम सुती कापड) मिळालंय, ९० ला ६० असं नेमकं काही अजून हाताला लागलं नाही. कुणाच्या ओळखीत माग असतील तर वीतभर तुकडा पुरे, आणि त्यावर ताणे किती पिक किती ते लिहून ठेवाल का? डागी असेल तर अजून चांगलं. काका, साध्या मागावर असं कापड अजून कोण काढतं का आपल्याकडे?