खुर्द्याला चेहरा हवा: युद्धपटात खरी माणसं की संगणकाची फौज? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

माळरान
परवा रात्री सोविएत दिग्दर्शक सर्गेई बोंदार्चुकचा १९७० सालचा 'वॉटर्लू', नेपोलियनच्या शेवटच्या लढाईवरचा सिनेमा, पुन्हा पाहिला. फ्रेंच घोडदळ चालून येतं, इंग्रज पायदळ चौकोन करून उभं राहतं आणि कॅमेरा हेलिकॉप्टरमधून वर वर जातो. खाली चौकोनांच्या मधून घोड्यांचे लोंढे वाहताना दिसतात. एकूण एक माणूस खरा. सोविएत सैन्यातले सुमारे पंधरा हजार पायदळाचे शिपाई आणि दोन हजार घोडेस्वार त्या कामावर होते. युक्रेनमधल्या उझहोरोदजवळ दोन टेकड्या सपाट केल्या, झाडं आणून लावली, शेतं पेरली आणि चिखल व्हावा म्हणून जमिनीखालून पाण्याचे नळ टाकले. वॉटर्लूच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता, जमीन वाळायची वाट बघत नेपोलियनने हल्ला लांबवला होता. चिखल दाखवला नसता तर ती लढाईच कळली नसती.

बघताना मनात सारखं पानिपत येत होतं. २०१९ चा हिंदी 'पानिपत' मी मोठ्या आशेने पाहिला होता. शनिवारवाड्याचा सेट डोळ्यांत भरला. पण मैदान आलं आणि मागची फौज मला गवतासारखी हलताना दिसली. सगळे एका लयीत. मी तिथेच मनाने सिनेमातून बाहेर पडलो.

पानिपतची बातमी सांकेतिक भाषेत आली, ती आपण शाळेपासून ऐकतो: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्यांची, म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासरावांची, भूमिका करायला नट मिळतात, मोहरांना, म्हणजे सरदारांनाही मिळतात. खुर्द्याचं, म्हणजे साध्या माणसांचं काय? ज्याची तेव्हा गणती झाली नाही, त्याला आजही चेहरा नसावा?

मी स्वतः एका ऐतिहासिक मालिकेत चार दिवस मावळा म्हणून उभा होतो. माझ्या शेजारी जवळच्या गावातला एक भाजीवाला होता. त्याने बाण लागून पडायचं होतं. दर वेळी पडता पडता त्याचा हात आधी पगडीकडे जायचा, ती मातीत पडू नये म्हणून. सहायक दिग्दर्शक त्याच्यावर ओरडला आणि पुढच्या टेकला त्याने हात खाली ठेवला. मला वाटतं, त्या चार दिवसांतली सगळ्यात खरी गोष्ट त्या ओरडण्याने पुसली गेली. संगणकाला पगडी सावरायचं सुचणार नाही. माझं म्हणणं सरळ आहे: पैसा नसेल तर लढाई काढू नका, पण काढलीत तर माणसं उभी करा.

हिशेबनीस
माळरान, मी पंधरा वर्षं प्रॉडक्शन बघतोय. तुमचा भाजीवाला मनाला लागला, पण हिशेब ऐका.

पाचशे ज्युनिअर आर्टिस्ट, म्हणजे गर्दीतले नट, बोलावले. एक पगडी नीट बांधायला तीन मिनिटं धरा. पाचशे पगड्यांचे पंचवीस तास होतात. ड्रेसवाले दहा असले तरी अडीच तास गेले, आणि अजून मिशा चिकटवायच्या आहेत. पहाटे चारला बस निघाली तरी पहिला शॉट नऊच्या आत होत नाही. मग पाचशेंचं जेवण, पाणी, शौचालयं, उन्हाने चक्कर आलेल्यांसाठी डॉक्टर. जेवणानंतर सावल्या फिरतात, सकाळच्या शॉटला दुपारचा शॉट जुळत नाही. सॅम मेंडिसच्या '१९१७' या युद्धपटाचं युनिट तर ढग यायची वाट बघत बसायचं, कारण सलग दिसणाऱ्या शॉटमध्ये मधेच ऊन पडून चालत नव्हतं. अशा एका थांबलेल्या दिवसाचं बिल आपल्याकडे कोण भरणार?

बोंदार्चुकचे शिपाई सरकारी होते हे विसरू नका. तरी सिनेमा तिकीटबारीवर बुडाला. दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिकचा नेपोलियनवरचा सिनेमा कागदावरच राहिला, त्यामागे हे अपयशही सांगतात. आणि उसनी फौज तिच्या मालकाचंच ऐकते. दिग्दर्शक कोपोलाने 'अपोकॅलिप्स नाऊ' या व्हिएतनाम युद्धावरच्या सिनेमासाठी फिलिपिन्समध्ये मार्कोस सरकारची हेलिकॉप्टरं घेतली होती, ती बंडखोरांशी लढायला ऐन चित्रीकरणातून माघारी जायची. त्यात वादळाने सेट उडवले, नायकाला हृदयविकाराचा झटका आला. चित्रीकरण वर्षभराच्या पुढे गेलं.

'पावनखिंड' मराठीत जमला, कारण खिंड अरुंद होती. थोड्या माणसांत चौकट भरते. पानिपत सपाट आहे, आडोसा नाही. तिथे रिकामी जागा लगेच दिसते.

रोटोवाला
मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवण्याच्या कामात आहे. 'संगणकाची फौज' असं हेटाळणीने म्हटलं की वाईट वाटतं. त्या फौजेमागेही माणसंच आहेत.

घोड्याच्या शेपटीचा केस न् केस कडेने कापून वेगळा करायचा असतो, सेकंदाला चोवीस फ्रेम. यालाच रोटो म्हणतात. धूळ असेल तर आणखी कठीण, कारण धुळीला कडच नसते. असे पाच सेकंद करायला मी कित्येक रात्री बसलोय. गर्दी एका लयीत हलते तेव्हा बहुतेकदा वेळ दिलेला नसतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' साठी 'मॅसिव्ह' ही प्रणाली वीसेक वर्षांपूर्वीच बनली. तिच्यात प्रत्येक आकृती आजूबाजूला बघून स्वतःची हालचाल ठरवते. तंत्र आहे. आपल्याकडे प्रदर्शनाची तारीख आधी जाहीर होते, एडिट शेवटच्या महिन्यापर्यंत बदलत राहतं आणि मग आमच्याकडून चमत्काराची अपेक्षा असते. पगडी सावरणारा माणूस मीसुद्धा करून देईन. फक्त दिग्दर्शकाने तो आधी बघितलेला असला पाहिजे.

खोगीर
घोड्यांबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्या घरी तीन पिढ्या घोडे आहेत, शूटिंगला देतो. १९३६ च्या 'चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' मध्ये पायाला तारा बांधून घोडे पाडले होते, कित्येक मेले. आज आपल्याकडे जनावर पडद्यावर आणायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि लागलीच पाहिजे. पडायला शिकवलेला घोडा मऊ मातीवर पडतो, तोही दिवसातून मोजक्या वेळा. शंभर घोडे एकत्र आणले तर ते आधी आपसात भांडतात. त्यामुळे माळरान, दोन हजार घोड्यांचं स्वप्न मी तरी बघणार नाही. पडणारा घोडा रोटोवाल्यांनी केला तर मला आनंदच आहे.

यमुनातीर
सगळे १४ जानेवारी १७६१ च्या दुपारवरच अडकलात. माझ्या मते पानिपतचा सिनेमा त्याच्या आधीच्या अडीच महिन्यांत आहे.

ऑक्टोबरअखेर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता तुटला. डिसेंबरात रसद पुरवणारे मराठा सरदार गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदेची उरलीसुरली आशा संपली. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बुणगे, म्हणजे फौजेमागची न लढणारी माणसं होती, बायका होत्या, यात्रेकरू होते. उत्तरेची थंडी, दाणा नाही, वैरण नाही. उपासाने मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून लोक बाहेर पडले. हे दाखवायला ना शंभर घोडे लागतात ना मैदान. एक रात्र, विझत आलेली शेकोटी आणि पीठ संपलेली पिशवी झटकणारी बाई. ती पिशवी दिसली नाही तर दुसऱ्या दिवशीची लाखाची फौजही मला परकीच राहील.

माळरान, खुर्दा म्हणजे फक्त भालेवाले नव्हेत. बुणगेही त्यातच आले.

माळरान
यमुनातीर, बुणगे माझ्याही लक्षात आले नव्हते. तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते वाचल्यापासून माझं डोकं त्या छावणीतच आहे. रोटोवाले, तुमचा राग रास्त आहे. दोष तारखेच्या घाईचा होता, तो मी तुमच्या माथी मारला.

पण मैदान मी सोडणार नाही. अडीच महिन्यांचा उपास दाखवून लढाई धुरात उरकली तर ती फसवणूक होईल. ज्या चेहऱ्यांना उपाशी पाहिलं, तेच दुपारी मैदानात दिसले पाहिजेत, आणि विश्वासराव पडल्यावर तेच पळताना.

हिशेबनीस
मग हे परवडू शकतं. दोनशे माणसं, छावणीत आणि मैदानात तीच. पुढच्या चार रांगा खऱ्या, मागचं रोटोवाल्यांकडे, आणि एडिट पक्कं झाल्यावर त्यांना पुरे सहा महिने. घोडे वीस. त्याच्या वर मी सही करणार नाही.

माळरान
वीस घोडे मान्य. पण ती दोनशे माणसं आठवडाभर आधी बोलवा, पूर्ण मजुरी देऊन. भाला धरायला शिकतील, एकत्र जेवतील, एकमेकांना नावाने हाक मारतील. आणि पगड्या त्यांच्या त्यांना बांधायला शिकवा. तुमचे रोजचे अडीच तास वाचतील, आणि जो पगडी स्वतः बांधेल तो ती पडताना सावरेलही.