उत्प्रेरकांचा शोध यंत्रमानवाच्या हाती द्यावा का?

काचनळी

परवा आमच्या गटातली एक विद्यार्थिनी रात्री अकरा वाजता भट्टीसमोर बसलेली दिसली, तेव्हाच हा धागा काढायचं ठरवलं. निकेल आणि कोबाल्टचं प्रमाण पाच-पाच टक्क्यांनी बदलून ती उत्प्रेरक (रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) बनवते आहे. एक नमुना म्हणजे क्षार तोलायचे, विरघळवायचे, ॲल्युमिनात (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या पुडीत) मुरवायचे, रात्रभर वाळवायचे, ५०० अंशांवर चार तास भाजायचे. मग दोनशे मिलिग्रॅम पूड क्वार्ट्झच्या नळीत क्वार्ट्झच्याच लोकरीच्या दोन बोळ्यांमध्ये बसवायची, हायड्रोजन सोडून क्षपण करायचं (ऑक्साइडचा धातू करायचा), आणि मग कुठे जीसीवर (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) पहिला पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, दिसतो. आठवड्याला तीन नमुने झाले तरी खूप. पाच वर्षांच्या पीएचडीत असे किती होणार?

लिव्हरपूल विद्यापीठात अँडी कूपर यांच्या गटाने २०२० मध्ये एक फिरता यंत्रमानव कामाला लावला. प्रकाशाच्या मदतीने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या उत्प्रेरकासाठी त्याने ८ दिवसांत ६८८ प्रयोग केले. दहा घटक एकाच वेळी बदलत होते आणि पुढचा प्रयोग कोणता करायचा हे आधीच्या निकालांवरून संगणकच ठरवत होता. शेवटी जे मिश्रण हाती आलं, ते सुरुवातीच्या मिश्रणापेक्षा सहापट सक्रिय होतं.

आपल्याकडे राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी मंजूर झाले. पण विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या पीईएम इलेक्ट्रोलायझरला उत्प्रेरक म्हणून लागतं इरिडियम, जे जगभरात वर्षाला सात-आठ टनच निघतं आणि तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून. त्याला पर्याय शोधायचा तर आठवड्याला तीन नमुन्यांनी भागणार नाही. तोलणं, मिसळणं, भाजणं, मोजणं यंत्राकडे द्या आणि माणसाला विचार करायला मोकळं सोडा, असं माझं ठाम मत आहे.

जुनी_वही

काचनळीताई, तळमळ पोचली, पण मी पूर्ण असहमत आहे.

सहापट म्हणजे कशाच्या सहापट? संशोधकांनीच सुरुवातीला घेतलेल्या मिश्रणाच्या. शिवाय त्या प्रयोगांत सिस्टीन (एक अमिनो आम्ल) घातलं होतं, ते खर्ची पडतं तेव्हा हायड्रोजन सुटतो. पाण्यातून ऑक्सिजन काढण्याचा अवघड अर्धा भाग बाजूलाच राहिला. दहा घटक कोणते घ्यायचे तेही माणसांनीच ठरवलं होतं. दिलेल्या कुंपणातली सगळ्यात उंच जागा यंत्राने शोधली. कुंपण घालणं हे खरं रसायनशास्त्र, आणि ते त्याने केलं नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या बर्कलीच्या ए-लॅब या स्वयंचलित प्रयोगशाळेचं. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केलं की यंत्राने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ नवे पदार्थ बनवले. हे उत्प्रेरक नव्हते, पण पद्धत हीच. लंडनचे रॉबर्ट पालग्रेव्ह आणि प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप यांच्या गटाने त्या पदार्थांचे एक्स-रे आलेख (एक्सआरडी, स्फटिकाची रचना दाखवणारे) एकेक करून तपासले आणि त्यात खऱ्या अर्थाने नवा पदार्थ एकही नाही असा निष्कर्ष काढला. स्फटिकात अणूंच्या जागांची सरमिसळ झालेले, आधीच माहीत असलेले पदार्थ यंत्राने नवे म्हणून मोजले होते. ज्याने आयुष्यभर एक्सआरडी वाचले आहेत, त्याला तिथे थांबावंसं वाटलं असतं.

भट्टीवाला

खत कारखान्यात तीस वर्षं काढली, म्हणून दोन शब्द लिहितो. तुमचे दोनशे मिलिग्रॅम आमच्या उपयोगाचे नाहीत. आमच्याकडे कॅटॅलिस्ट, म्हणजे तुमचा उत्प्रेरक, टनांनी भरतात. अमोनियाचा लोखंडी कॅटॅलिस्ट दहा-पंधरा वर्षं चालावा लागतो. रिफॉर्मरमधल्या (नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढणाऱ्या भट्टीतल्या) निकेलला गंधकाचा नुसता वास लागला तरी तो झोपतो. कॅटॅलिस्टच्या गोळ्या चुरल्या की वायूला वाट मिळत नाही, प्रेशर ड्रॉप वाढतो आणि प्लांट बंद करावा लागतो. पहिल्या तासाला कोण किती सक्रिय, हे आम्हाला कुणी विचारत नाही. हजाराव्या तासाला काय उरलं, ते सांगा. तुमचं यंत्र हजारावा तास आठ दिवसांत आणू शकतं का?

काचनळी

भट्टीवाले काका, नाही आणू शकत. पण सोळा नळ्या शेजारी शेजारी लावल्या तर सोळा नमुन्यांचा हजारावा तास एकदमच येतो, आणि रात्री तीन वाजता तापमान नोंदायला कुणाला जागावं लागत नाही. टिकाऊपणाच्या चाचणीला तर यंत्र जास्तच हवं.

जुनी_वही, इतिहासही बघा की. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबर यांनी १९०९ मध्ये ऑस्मियम वापरून अमोनिया करून दाखवला, पण तेवढं ऑस्मियम जगात नव्हतंच. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाश यांनी काय केलं? दोन-दोन ग्रॅमचे नमुने पटकन बदलता येतील अशा छोट्या भट्ट्यांची रांग लावली आणि थोड्या वर्षांत सुमारे २,५०० पदार्थांवर ६,५०० चाचण्या केल्या. आज आपण ज्याला स्वयंचलन म्हणतो, तेच माणसांच्या हातांनी केलेलं होतं. काकांच्या कारखान्यातला लोखंडी कॅटॅलिस्ट त्याच रांगेचा वंशज आहे.

आणि एक गोष्ट, जी माझ्या मनातून जात नाही. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी निकेल-मॅग्नेशियाच्या एका मालिकेवर पाच महिने घालवले. काहीच चाललं नाही. नंतर कळलं, माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने तीच मालिका करून सोडून दिली होती. त्याच्या वहीत फक्त चाललेले प्रयोग होते, न चाललेल्यांची एक ओळसुद्धा नव्हती. त्याला मी दोष देत नाही, फसलेलं लिहायची पद्धतच नव्हती. यंत्र हे करत नाही. ते शून्यसुद्धा तारीख, वजन आणि तापमानासकट नोंदवतं. मला ६८८ या आकड्यापेक्षा ही नोंद मोलाची वाटते.

अबोली_सातारा

एमएस्सीची विद्यार्थिनी आहे. मला भीती वेगळीच वाटते. जुलैत निकेल नायट्रेटची बाटली उघडली की हिरवे खडे बघता बघता ओले होतात, चमच्याला चिकटतात. तोललेल्या वजनात पाणी किती आणि क्षार किती, हे त्या ओलसर चकाकीवरून कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला. पहिल्या दिवसापासून यंत्रच तोलणार असेल तर आमचा हात कधी बसणार? आणि यंत्राचा आलेख बिघडला तर कारण कुठे शोधायचं, हे आम्हाला कुठून सुचणार?

जुनी_वही

अबोली, अगदी हेच म्हणायचं होतं. मिटाश यांची गोष्ट ताईंनी अर्धीच सांगितली. ६,५०० चाचण्यांनी वाट दाखवली नाही. १९०९ च्या शेवटी स्वीडनमधल्या गॅलिव्हारे इथल्या मॅग्नेटाइटचा (लोखंडाच्या खनिजाचा) एक नमुना भट्टीत गेला आणि अनपेक्षित भरपूर अमोनिया आला. शुद्ध लोखंड फसलं होतं, दुसरीकडचे मॅग्नेटाइटही फसले होते. मग हाच का चालला? त्यातल्या भेसळीमुळे असणार, हे मिटाश यांच्या डोक्यात आलं. तिथून ॲल्युमिना आणि पोटॅश मुद्दाम मिसळायला सुरुवात झाली. बाकीच्या चाचण्या त्या प्रश्नाच्या मागून आल्या.

फसलेल्या प्रयोगांची नोंद हवी, हे मात्र शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी परदेशी यंत्र कशाला? आधी सगळ्या गटांची मिळून एक वही सुरू करा. यंत्र आलं की त्याचा एक सुटा भाग मोडतो, सर्व्हिस इंजिनियर तीन महिन्यांनी येतो, तोवर त्यावर धूळ बसते. त्या पैशात एक्सआरडी नीट वाचणारे दोन तंत्रज्ञ कायमचे नेमा.

काचनळी

दोन तंत्रज्ञ नेमायला माझी हरकत नाही, उलट ते हवेतच. पण वही सुरू करा म्हणता, तर ती भरणार कोण? रात्री अकराला भट्टीसमोर बसलेली तीच मुलगी. आठवडाभरात तीन नमुने फसल्यावर त्या फसलेल्यांचं सविस्तर लिहायला तिच्यात त्राण उरत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

अबोली, पहिलं वर्ष सगळ्यांनी हातानेच तोलावं, हे मला पटलं. ओल्या खड्यांचं तू लिहिलंस ते यंत्र घेताना विचारायला हवं: पूड टाकणारा भाग कोरड्या हवेच्या पेटीत आहे का? पुण्याच्या पावसाळ्यात उघड्यावर तो चालायचा नाही.

भट्टीवाला

सोळा नळ्यांचं पटलं. मात्र त्यातल्या चार नळ्यांना पहिल्या दिवसापासून गंधक असलेला वायू द्या. नळ्या लागल्या की कळवा, गोळ्या किती दाबाला चुरतात ते मोजायला मी येतो.