पीएचपीला 'स्टॅटिक क्लास' हवा की नको?

धागाकर्ता: ज्या क्लासमध्ये नुसत्या स्टॅटिक मेथड (थेट क्लासच्या नावाने कॉल होणारी फंक्शनं) आहेत, त्या साच्यावरून ऑब्जेक्ट बनवण्यात अर्थ नाही. पण पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत हे एका शब्दात सांगता येत नाही. क्लास ॲब्स्ट्रॅक्ट (थेट ऑब्जेक्ट न बनणारा) केला तर कुणीही तो एक्स्टेंड करून, म्हणजे त्यावरून उपक्लास काढून, ऑब्जेक्ट बनवतो. फायनल (एक्स्टेंड न होणारा) आणि ॲब्स्ट्रॅक्ट एकत्र लिहिलं की फेटल एरर. उरतो फायनल क्लास आणि रिकामा प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारी, पण बाहेरून बंद मेथड). तोही अर्धवट: क्लासच्या आतून 'न्यू सेल्फ' लिहून ऑब्जेक्ट बनतंच, आणि एखाद्या मेथडपुढे स्टॅटिक लिहायचं राहिलं तर ती कॉल होईपर्यंत कळत नाही. सी शार्पमध्ये २००५ च्या २.० आवृत्तीपासून कंपायलर हे तिथल्या तिथे पकडतो. तसंच इथे हवं.

प्रतिसाद १: दुखणं वेगळंच आहे. नेमस्पेस (नावांचे वेगळे गट) पीएचपी ५.३ पासून आहेत, दुसऱ्या नेमस्पेसमधलं फंक्शन आणणारं 'यूज फंक्शन' ५.६ पासून. तरी लोक फंक्शनं क्लासात कोंबतात, कारण ऑटोलोड (लागेल तेव्हाच फाइल आपोआप लोड होणं) फक्त क्लासला मिळतं. सुटी फंक्शनं कंपोजर या पॅकेज मॅनेजरच्या 'फाइल्स' यादीत टाकावी लागतात, मग ती फाइल वापरा न वापरा, प्रत्येक रिक्वेस्टला लोड होते. आधी फंक्शनला ऑटोलोड द्या. नवा कीवर्ड म्हणजे पळवाटेवर कायमचा शिक्का.

धागाकर्ता: ते इतकं सोपं नाही. नेमस्पेसमध्ये 'स्ट्रलेन'सारखं अंगभूत फंक्शन नुसत्या नावाने लिहिलं तर आधी त्या नेमस्पेसमध्ये शोध होतो, मग ग्लोबलमध्ये. अशा प्रत्येक नावाला ऑटोलोडर बोलवायचा का? शिवाय सुट्या फंक्शनला प्रायव्हेट करता येत नाही. तीन मेथडना मिळून लागणारा एक छोटा हेल्पर लपवायचा कुठे?

प्रतिसाद २: पीएचपी ८.१ पासून ईनम (ठरावीक पर्यायांचा, म्हणजे 'केस'चा संच) आहे; एकही केस नसलेला ईनम इथे वापरता येतो. न्यू चालत नाही, एक्स्टेंड होत नाही, रिफ्लेक्शननेही (चालू कोडमधून क्लासची रचना हाताळण्याची सोय) ऑब्जेक्ट बनत नाही. स्टॅटिक मेथड, प्रायव्हेट मेथड, कॉन्स्टंट सगळं चालतं.

धागाकर्ता: चालतं, पण वाचणारा केस शोधत बसतो. आणि स्टॅटिक विसरलेली मेथड तिथेही निमूट खपते.

प्रतिसाद १: ईनममध्ये स्टॅटिक प्रॉपर्टी (ऑब्जेक्टऐवजी क्लासपाशी साठणारी किंमत) ठेवता येत नाही, हीच त्याची जमेची बाजू! रोडरनर, स्वूलसारख्या साधनांच्या वर्करमध्ये एकच प्रोसेस अनेक रिक्वेस्टसाठी जिवंत राहते, त्यामुळे एका रिक्वेस्टने स्टॅटिक प्रॉपर्टीत ठेवलेला यूजर आयडी पुढच्या रिक्वेस्टला तसाच दिसतो. तुमच्या प्रस्तावात स्टॅटिक प्रॉपर्टीला मनाई असेल, तर माझा विरोध मागे.

धागाकर्ता: सरसकट मनाई नको, कॅशचं काय? फक्त रीडओन्लीपुरती (एकदा किंमत भरली की न बदलणारी) मुभा ठेवू.

प्रतिसाद १: रीडओन्ली स्टॅटिक प्रॉपर्टीला लागतच नाही. म्हणजे आता दोन प्रस्ताव झाले.