दशावताराचा ‘मूळ बाज’ आणि एकमताचे परिसंवाद

नुक्कडवाला: काल रंगभूमी दिनानिमित्त एका परिसंवादाला गेलो होतो. विषय ‘दशावतार : परंपरा आणि विकृती’, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणारं ते लोकनाट्य. तीन अभ्यासक, दोन तास, एकही मोबाइल वाजला नाही. तिघांचंही एकमत झालं की ट्रिकसीन (धूर, दिवे वापरून केलेले चमत्काराचे देखावे) आणि एलईडीने दशावताराची वाट लावली, मूळ बाज राखला पाहिजे. कला-संस्कृतीवर अशी विचारी चर्चा हल्ली ऐकायलाच मिळत नाही. कान तृप्त झाले.

पायपेटी: तीन अभ्यासक आणि एकमत? मग ती चर्चा नव्हे, आरती झाली.

उत्तर देणार नव्हतो, पण ‘विकृती’ शब्दाने डोकं फिरलं. मी कुडाळ तालुक्यातला. बाबांनी सव्वीस हंगाम दशावतारात पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायची हार्मोनियम, वाजवली. पहाटे खेळाच्या शेवटचा दहीकाला आटपून घरी यायचे तेव्हा उजवा घोटा सुजलेला असायचा. आई तेल चोळता चोळता म्हणायची, ‘तुमी पेटी वाजयतास काय सायकल मारतास?’

आता मूळ बाज म्हणजे कुठला, तेवढं सांगा. पेटी युरोपातून आली. आकाशवाणीने 1940 साली तिला हद्दपार केलं, तीसेक वर्षं आत घेतलं नाही. ती भारतीय संगीताला शोभत नाही हेही शहाण्यासुरत्या लोकांनीच ठरवलं होतं. आमच्या जत्रांत मात्र ती वाजत राहिली, कारण आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. दिवट्या गेल्या, पेट्रोमॅक्स आली. पेट्रोमॅक्स गेली, ट्यूबलाइट आली. तेव्हा कुठे परिसंवाद झाल्याचं ऐकलं नाही.

ट्रिकसीन मलाही फारसं झेपत नाही. धूर सोडला की अर्धा संवाद त्यातच जातो. पण आमच्या वाडीतला राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, म्हणतो, ‘त्या एका रातीच्या खेळात माझो म्हयन्याचो किराणा सुटता.’ त्याला विकृत म्हणायचं तर त्याच्या तोंडावर म्हणा.

व्यासपीठावर एक तरी दशावतारी होता का?

नुक्कडवाला: होते की. एक ज्येष्ठ कलावंत होते. शेवटी त्यांनी गणपतीचं पद म्हटलं, सत्कारही झाला.

पायपेटी: शाल, श्रीफळ आणि ‘वेळेअभावी दोनच शब्द’. व्हय म्हाराजा!

तंजावरचा पाहुणा: मुळात रंगभूमी दिन 5 नोव्हेंबरलाच का? सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं म्हणून मराठी नाटक तिथून सुरू झालं म्हणे! तंजावरच्या शहाजीराजांनी (व्यंकोजींचे चिरंजीव, शिवरायांचे वडील नव्हेत) ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक लिहिलं, ते काय होतं? शहाजीराजे गादीवर आले 1684 साली. पण कावेरीकाठचं मराठी आपण मराठीत धरतच नाही.

भोवरा: दरबारात झालेलं नाटक आणि रंगभूमी यांत फरक असतो, साहेब.

तंजावरचा पाहुणा: आणि ‘सीता स्वयंवर’ कुठे झालं? चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारातच ना? सांगलीचा दरबार चालतो, तंजावरचा चालत नाही. वा!

भोवरा: बरं, मग जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ नाटक का विसरता? 1855. ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारलं म्हणून ते तेव्हा रंगमंचावर आलंच नाही. ती कमिटीही विद्वानांचीच होती बरं का, पायपेटीभाऊ.

तंजावरचा पाहुणा: 1855 हे 1684च्या नंतर येतं. गणित तरी सांभाळा.

भोवरा: मी पहिलं म्हटलंच नव्हतं. वाचता येत नसेल तर चष्मा बदला.

पायपेटी: पहिलं-दुसरं लावताय तर हेही घ्या. भाव्यांना नाटक करायची आज्ञा झाली ती 1842 साली कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले म्हणून. कर्की होन्नावरजवळ, खेळ कानडी, यक्षगान या तिकडच्या लोकनाट्याच्या वळणाचे. म्हणजे तुमच्या रंगभूमी दिनाच्या मुळाशीही रात्रभर नाचणारी भागवत मंडळीच आहेत.

घाटावरची आक्का: सगळे अभ्यासकांवर तुटून पडलात, म्हणून लिहितेय. माझे आजोबा भारुडं म्हणायचे. घरात एकालाही वाटलं नाही की लिहून ठेवावं. मामा तर म्हणायचा, काय ते सोंग! शहरातून एक संशोधक टेपरेकॉर्डर घेऊन आले, ओसरीवर तीन दुपारी बसले. आजोबा थुंकायला उठायचे तेव्हा ते टेप थांबवायचे, पण एकदा विसरले. त्या कॅसेटमध्ये पिकदाणीचा आवाज आहे आणि आजीचं ‘पाणी देऊ का?’ आहे. आज घरात दोघांचा आवाज म्हणून तेवढंच आहे.

पायपेटी, तुमच्या आख्यानांना लिखित संहिता नसते. नट उभ्या उभ्या संवाद रचतो. बाबांच्या वेळच्या एका तरी राजपार्टीचं बोलणं तुमच्याकडे आहे का?

पायपेटी: नाही.

बाबांची पेटीही नाही. भाता फाटला, माळ्यावर पडून होती, उंदरांनी उरलेलं संपवलं. हे तुम्ही बरोबर पकडलंत, आणि मला ते आवडलेलं नाही. पण तुमचे संशोधक ओसरीवर बसले होते, आक्का. व्यासपीठावर नाही.

नुक्कडवाला: म्हणजे मी परिसंवाद ऐकला हा गुन्हाच झाला. ठीक आहे, कबूल, आजवर एकही जत्रा पाहिलेली नाही. आता दंड काय ते सांगा.

पायपेटी: कार्तिकात या. बसायला चादर आणा, खुर्ची मिळणार नाही. दहाचा खेळ बाराला उभा राहतो. आधी संकासुराच्या विनोदी सोंगाला हसून घ्या, मुख्य कथेचं आख्यान त्यानंतर. झोप आली तर तिथेच आडवे व्हा, कुणी काही म्हणत नाही. फक्त मधेच उठून ‘मूळ बाज’ विचारू नका, पखवाजवाल्याचा हात जड आहे.

तंजावरचा पाहुणा: ते सगळं राहू दे. 1684चं काय ठरलं?