मस्कटीन: शिंपल्यांवर उभं राहिलेलं गाव
अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीकाठची गावं बोटींच्या धक्क्यांमुळे वाढली, हे खरंच. पण आयोवा राज्यातल्या मस्कटीनची गोष्ट जरा निराळी. १८३३च्या सुमारास तिथे जेमतेम एक व्यापारी ठाणं होतं. पुढे वसलेल्या गावाचं नाव ब्लूमिंग्टन. त्या नावाची गावं आजूबाजूला बरीच, टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १८४९ मध्ये ते बदललं.

खरी बरकत आली ती शिंपल्यांनी! जॉन बेपल या जर्मन कारागिराने १८९१ मध्ये नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं करायला घेतली. १९०५ मध्ये गावातून दीड अब्ज बटणं निघाली. एकेका शिंपल्यातून गोल चकत्या कापून घ्यायच्या. उरलेला शिंपला म्हणजे भोकाभोकांची चाळणीच. मग नदीतले शिंपले आटले आणि प्लास्टिकने उरलंसुरलं गिऱ्हाईक पळवलं.