मुलांसोबत पिकवलं, शिजवलं, पण खाल्लं का? खरेखुरे अनुभव लिहा

बाल्कनीबाई, डोंबिवली
सगळीकडे वाचते की मुलं स्वतः पिकवलेलं आवडीने खातात. आमच्याकडे उलटं झालं म्हणून धागा काढतेय. लेक सात वर्षांची, जानेवारीत रंगाच्या डब्याला भोकं पाडून दोघींनी मेथी पेरली, तिसऱ्या दिवशी अंकुर दिसले तर नाचली, रोज शाळेतून आली की बूट न काढता आधी बाल्कनीत, आणि पंचविसाव्या दिवशी मी मेथी उपटून धुवायला घेतली तर मुळांची माती बघून म्हणते, ई, ही मातीतली आहे? बाजारातली आण ना. आता बोला! फसलेलंही लिहा, फोटोतल्या हिरव्यागार गच्च्या बघून कंटाळा आलाय.

दादरची आजी
मोठी मेथी कशाला, समुद्रमेथी करा की. मुंबईत समुद्राकाठी वाळूत करतात ती, बोटभर उंचीची, इवल्याशा जुड्या मिळतात बघा. नातवासाठी आंब्याच्या पेटीत जुनी साडी घालून वर वाळू पसरली, मेथीदाणे रात्री भिजवून टाकले. दहा-बारा दिवसांत कापायला येते, तेवढा धीर पाच वर्षांच्या पोराला असतो. त्याने कात्रीने वरूनच कापली म्हणून वाळूची कचकच नाही. कांदा, लसूण, पळीभर तेल, बस. वाटीभर पण झाली नाही भाजी, त्यामुळे सगळ्यांना एकेक घास आणि त्यावरूनच भांडण. कमी असलं की पोरं खातात हे माझं मत.

पाटीपेन्सिल
महापालिकेच्या शाळेत शिकवते. शाळेच्या मागे परसबाग आहे म्हणजे पाण्याच्या टाकीशेजारची दहा पावलं जागा. पालक, मुळा, एक शेवगा. शेवग्याची पानं पोषण आहाराच्या खिचडीत घालायची ठरलं तर पहिल्या दिवशी सगळ्यांनी हिरवं वेचून ताटाच्या कडेला लावलं. मग पानं ओरबाडायचं काम सहावीच्या मुलांना दिलं, देठ राहिला की कडू लागतं वगैरे तीच आता चौथीच्यांना दरडावून सांगतात, आणि ज्याने निवडलं तो टाकत नाही, निदान मैत्रिणींसमोर तरी नाही. खरी गंमत पालकसभेत झाली. एक बाई म्हणाल्या, गावाला आमच्या दारात शेवगा होता, इथे वीस रुपयाला चार शेंगा आणते, पाला खातात हे विसरूनच गेले होते. त्या आता दर शनिवारी येऊन मुलांना पाला परतायला शिकवतात, मी नुसती ऐकते.

गच्ची नंबर सात, पुणे
आमची कथा भोपळ्याची. वेल गच्चीभर, फुलं ढीगभर, भोपळा शून्य. मुलगा रडकुंडीला. मग कळलं की नर फूल वेगळं, मादी वेगळं, मादीच्या बुडाशी इवलासा भोपळा असतोच, आणि आमच्या पाचव्या मजल्यावर मधमाश्या फिरकत नव्हत्या. सकाळी साडेसहाला, फूल मिटायच्या आत, चिरंजीव रंगकामाचा ब्रश घेऊन परागकण लावत बसले. एरवी शाळेला उठवायला तीन हाका लागतात. दोन भोपळे धरले. उरलेल्या नर फुलांची भजी केली ती दहा मिनिटांत संपली, पण भोपळ्याची भाजी त्याने आजही खाल्लेली नाही, घारगे मात्र खातो. बाकी सोसायटीत स्लॅब गळतो यावरून जे झालं ते दुसऱ्या धाग्यात.

उसाचं चिपाड
गळती आणि वजन दोन्हीवर उपाय म्हणजे माती कमी करा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराची (शेतीत स्वतः प्रयोग करून बघणाऱ्यांचा गट) पद्धत बघा, पालापाचोळा, चिपाडं आणि अमृतजल. 10 लिटर पाणी, 1 किलो शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ, तीन दिवस रोज ढवळायचं आणि चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून झाडांना घालायचं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी किचनच्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली ती याच विचाराने. आमच्या मुली ढवळायला एका पायावर तयार, नाक धरून का होईना. बायको मात्र ते तीन दिवस माहेरी.

बे एरियाची मावशी
इथे कॅलिफोर्नियात, बर्कलीत, शेफ अ‍ॅलिस वॉटर्सनी 1995 साली एका मिडल स्कूलमध्ये शाळेतच बाग आणि स्वयंपाकघराचा तास सुरू केला. मला त्यातलं आवडतं ते हे की रांधणं झाल्यावर मुलं एकत्र टेबलाशी बसून खातात आणि आवरतातही. ते बघून घरी लेकाला पोळीभाजीला जुंपलं. पोळ्या ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारख्या, पण ओटा पुसतो हो.

बाबा_लुडबुडे
माझी चूक सांगतो. लेक अळू चिरत होती, मी दर मिनिटाला "जपून, जपून" करत शेवटी सुरी काढून घेतली, आणि फतफतं मीच केलं. चिंच घालायला विसरलो. सगळ्यांचे घसे खाजले. ती म्हणाली, मी केलं असतं तर घातली असती, आजीने सांगितलं होतं.

बाल्कनीबाई
हाहा लुडबुडे! अपडेट: आजींचं ऐकून वाळू आणलीये. तोवर लेकीने डब्यात आपल्याआपण धणे पेरले, आठवडा झाला, काही येत नाही, रोज उकरून बघते.

दादरची आजी
आख्खे टाकले असतील. पोळपाटावर वाटीने हलकेच रगड, एकाचे दोन झाले पाहिजेत. आणि तिला म्हणावं उकरू नकोस गं बाई.