टर्की घराशेजारी पाळावी का? तिच्या आवाजाविषयी चर्चा

वाडीकर, वसई

वसईतल्या आमच्या वाडीत कोंबड्या आणि बदके आजोबांच्या काळापासून आहेत. गेल्या जूनमध्ये, नाताळ डोळ्यांसमोर ठेवून, टर्कीची सहा पिल्ले आणली. मोठी झाल्यावर त्यांत तीन नर आणि तीन माद्या निघाल्या. एक नर नाताळच्या जेवणासाठी कापला आणि बाकीचे पाच पक्षी, घरातल्या मुलांना लळा लागल्यामुळे, राहिले. आता एप्रिलमध्ये कुंपणापलीकडच्या इमारतीतून लेखी तक्रार आली आहे की हा आवाज सहन होत नाही, पाचही पक्षी हलवावेत. ही मागणी मला अन्यायाची वाटते.

टर्कीच्या आवाजाविषयी बोलताना लोक नर आणि मादी असा भेद करीत नाहीत, आणि सारा घोटाळा तेथेच होतो. घशातून ‘गळगळगळ’ असा लोंढा सोडतो तो नर. मादी चरताना बारीक ‘कुट कुट’ करीत असते, कळपापासून एकटी पडली तर हाका मारते, पण एरवी तिचा आवाज आमच्या अंगणाबाहेर क्वचितच जातो. नरसुद्धा अंधार पडला की बहुधा गप्प बसतो. आमचा कोंबडा मात्र पहाटे साडेतीनला बांग देतो आणि त्याच्याविरुद्ध आजवर कोणी चिठ्ठी लिहिलेली नाही. मग जो पक्षी रात्रभर शांत राहतो, त्याच्यावरच रोष का?

रात्रपाळी, ठाणे

मी परिचारिका आहे, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी करते आणि दिवसा झोपते. आमच्या इमारतीमागेही एका घरी दोन वर्षे टर्की होत्या, म्हणून अनुभवाने लिहिते. नर-मादी भेदाविषयी आपण लिहिले ते बरोबर आहे. पण कोंबड्याशी केलेली तुलना मला पटत नाही.

कोंबड्याची बांग ठरावीक असते आणि काही दिवसांनी कान तिला सरावतो. टर्कीचा नर मात्र बाहेरच्या आवाजाला उत्तर देतो. कुकरची शिट्टी झाली, ट्रकचा हॉर्न वाजला, दार धाडकन आपटले, ढग गडगडले, की तो त्याच क्षणी ओरडतो, आणि एकाच्या मागोमाग सगळे नर एका दमात ओरडतात. शहरातल्या वस्तीत असा आवाज दिवसाकाठी कितीदा होतो, ते आपणच मोजून पाहा. म्हणजे शेजाऱ्याला मूळचा गोंगाट तर सोसावा लागतोच, शिवाय त्या प्रत्येक गोंगाटावरचे हे उत्तरही सोसावे लागते, आणि ते केव्हा येईल याचा अंदाज नसल्यामुळे झोप लागतच नाही.

रात्रीच्या शांततेविषयी आणखी एक सांगते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्र धरली जाते ती दहापासून सकाळी सहापर्यंत, आणि निवासी भागासाठी त्या वेळेची मर्यादा 45 डेसिबल आहे, दिवसाची 55. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या पुढे थोड्याच वेळात उगवतो. नर झुंजुमुंजू होताच, म्हणजे त्याच्या अर्धा तास आधी, सुरुवात करतो. ती वेळ रात्रीतच मोडते.

फलटणकर

माझ्याकडे शेतावर चाळीसेक टर्की आहेत. रात्रपाळी यांचे निरीक्षण अचूक आहे, परंतु त्यावरून टर्की घराजवळ ठेवूच नये असे म्हणणे मला मान्य नाही. वाडीकर, आपल्याकडे तीन माद्यांमागे दोन नर आहेत आणि मूळ अडचण तीच आहे. एक नर पाच माद्यांना पुरतो. दोन नर असले की ते एकमेकांना पाहून पिसारा फुलवतात, भांडतात आणि एकमेकांच्या ओरडण्याला ओ देतात. एक काढला तर आवाज निम्म्याहून कमी होतो, हे मी माझ्या खुराड्यात पाहिले आहे.

दुसरी गोष्ट उजेडाची. टर्कीचा माज, म्हणजे नर जास्त ओरडतो तो विणीचा काळ, दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो, म्हणूनच अंड्यांसाठी पाळणारे मुद्दाम दिवे लावून उजेडाचा काळ चौदा तासांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे नेतात. आपल्या खुराड्यावर इमारतीच्या आवारातला दिवा रात्रभर पडत असेल, तर नकळत तेच घडत असण्याची शक्यता आहे. दिव्याच्या बाजूने जाड पडदा लावावा आणि सकाळी सात वाजेपर्यंत खुराडे अंधारे ठेवावे. उजेड दिसेपर्यंत नर सहसा तोंड उघडत नाही.

परसबाग, कोल्हापूर

फलटणकर यांच्या पहिल्या उपायाशी सहमत आहे, दुसऱ्याशी मुळीच नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याचे खुराडे सातपर्यंत बंद ठेवणे म्हणजे पक्ष्याला उकाड्यात कोंडणे होय, आणि पत्र्याखाली तोच आवाज अधिक घुमतो. त्यातून झाकायचेच असेल तर भिंतीच्या वरच्या भागात जाळी ठेवून, बाहेरून पडवी काढून झाकावे, म्हणजे उजेड अडेल आणि वारा खेळेल.

जे नवीन पिल्ले आणणार आहेत त्यांनाही सांगावेसे वाटते. लहान पिल्लांमध्ये नर कोणता आणि मादी कोणती हे घरच्या माणसाला ओळखता येत नाही. म्हणून सहा पिल्ले आणताना त्यांतल्या जास्तीच्या नरांचे पुढे काय करायचे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. ओरडणे हा त्या पक्ष्याचा स्वभाव आहे. त्यासाठी त्याला शिक्षा होऊ नये.

वाडीकर, वसई

रात्रपाळी यांनी मोजायला सांगितले, म्हणून मी चार दिवस वही घेऊन ओट्यावर बसलो. चारही दिवस पहिली आरोळी सहाच्या आधीची होती. सकाळी आठपर्यंत थोड्या थोड्या वेळाने नर ओरडत होते, आणि पुढे दिवसभरात शाळेची घंटा झाली की हमखास. इतकी वर्षे पक्ष्यांमध्ये राहून हे माझ्या ध्यानात आले नव्हते, याचे मला वाईट वाटले. इमारतीचा दिवाही खुराड्यावर पडतो आहे.

एक नर वाडा तालुक्यात मामांच्या शेतावर पाठवतो आणि पडदा वरची जाळी मोकळी ठेवून लावतो. माद्या मात्र मी हलवणार नाही, कारण त्यांच्याविरुद्ध एकही नोंद माझ्या वहीत नाही.

रात्रपाळी, ठाणे

माद्यांविषयी माझी काहीच हरकत नाही, आणि आपण वही घेऊन बसलात याबद्दल मनापासून आभार. उरलेल्या एका नराविषयी मात्र माझे मत बदललेले नाही. शाळेच्या घंटेला तो एकटाही उत्तर देईलच. पडदा लावल्यानंतर आणखी चार दिवस नोंद करावी आणि ती वही तक्रार करणाऱ्या कुटुंबाला दाखवावी. त्यांच्या खिडकीत उभे राहून एक पहाट ऐकलीत, तर अधिक चांगले.